शिकवलेलं आणि पोचलेलं

०.४५ मोठा की ०.६?

दशांश अपूर्णांक नुकतेच शिकलेल्या कुठल्याही वर्गात हा प्रश्न फळ्यावर लिहून पाहा. काही मुलं पटकन सांगतात, ०.४५ मोठा, कारण पंचेचाळीस सहापेक्षा कितीतरी जास्त. ही चूक प्रत्येक गणित शिक्षकाच्या ओळखीची असते. पूर्ण संख्यांमध्ये अंक जास्त तर संख्या मोठी, हा नियम मुलांनी शाळेत आल्यापासून वापरलेला असतो आणि तोवर त्याने त्यांना एकदाही दगा दिलेला नसतो. दशांश चिन्ह आलं की तो चालत नाही असं आपण सांगतो, मुलं माना डोलावतात, पण नियम डोक्यात मुक्काम ठोकून राहतो. उरलेली मुलं म्हणतात, ०.६ मोठा. आपण "बरोबर" म्हणतो आणि पुढचं उदाहरण घेतो.

मला त्या "बरोबर"विषयी लिहायचं आहे.

०.६ मोठा म्हणणाऱ्या एका मुलीला मी कारण विचारलं. ती म्हणाली, "बाई, हे सहा दशांश आहेत आणि ते पंचेचाळीस शतांश. शतांश म्हणजे एकाचे शंभर तुकडे, एकदम बारीक. म्हणून ते लहान." दशांशापेक्षा शतांश लहान असतो हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि ते तिने स्वतःच्या शब्दांत मांडलं होतं. कुणालाही वाटेल, हिला धडा समजला. मग मी शेजारी ०.३ आणि ०.५७ लिहिलं. तिने तितक्याच खात्रीने ०.३ मोठा असल्याचं सांगितलं आणि कारणही तेच दिलं: सत्तावन्न तुकडे खरे, पण बारीक. तुकड्याचा आकार तिने पाहिला होता. तुकडे किती आहेत, हे त्याच्या जोडीला पाहायचं असतं, ते राहून गेलं होतं. पहिल्या प्रश्नाला तिचं उत्तर बरोबर आलं ते अर्ध्या विचारावर.

उलट, ०.४५ मोठा म्हणणारा मुलगा या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बरोबर देतो. सत्तावन्न तीनपेक्षा मोठेच आहेत! म्हणजे पहिलाच प्रश्न विचारला तर ही मुलगी निसटते, दुसराच विचारला तर तो मुलगा निसटतो. दोन्ही प्रश्न शेजारी शेजारी ठेवले तरच दोघांचे विचार उघड होतात. ऑस्ट्रेलियात मेलबर्न विद्यापीठात के स्टेसी आणि विकी स्टाइनले यांनी मुलांच्या अशाच विचारपद्धतींचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. लांब तो मोठा मानणारी मुलं, आखूड तो मोठा मानणारी मुलं, आणि त्यांच्यातही पुन्हा पोटप्रकार. काहींना ०.३ हा एक छेद तीनसारखा वाटतो, म्हणून आकडा वाढला की किंमत घटते असं ती मानतात. काहींना दशांश चिन्हानंतरचे आकडे ऋण संख्यांसारखे उलटे जाताना दिसतात. बाहेरून पाहिलं तर या सगळ्यांच्या वहीत काही बरोबरच्या आणि काही चुकीच्या खुणा असतात, आणि आपण म्हणतो की मुलाचं दशांशाचं "थोडं कच्चं" आहे. ते थोडं कच्चं कधीच नसतं. त्याच्याकडे एक पूर्ण विचार असतो, तो आपल्या विचाराहून वेगळा असतो, इतकंच.

ली शुलमन या अमेरिकन अभ्यासकाने १९८६ मध्ये एक भेद मांडला, तो मला माझ्या व्यवसायाचा पाया वाटतो. विषयाचं ज्ञान एक, शिकवण्याच्या सर्वसाधारण पद्धतींचं ज्ञान दुसरं. आणि या दोन्हींपलीकडे हा विशिष्ट विषय शिकणाऱ्याला कुठे अडतो, तो काय समजून बसतो, त्याला कुठलं उदाहरण दिलं तर वाट मोकळी होते, याचं ज्ञान तिसरं. ०.६ हा ०.४५ पेक्षा मोठा आहे हे बँकेतल्या माणसाला कळतं, अभियंत्याला कळतं. ०.४५ आणि ०.६ च्या शेजारी ०.३ आणि ०.५७ ठेवायला हवं, हे फक्त शिक्षकाला कळण्याची गरज असते. दुसऱ्या कुठल्या व्यवसायात या ज्ञानाचा उपयोग नाही. ते पदवीच्या अभ्यासात आलेलं नसतं आणि पाठ्यपुस्तकातही क्वचित सापडतं. ते मुलांच्या तोंडून ऐकून जमवावं लागतं. व्यावसायिक विकास म्हणतात तो माझ्या लेखी हाच: मुलाच्या उत्तरामागचा विचार ओळखण्याची ताकद वर्षागणिक वाढत जाणं. बाकीचं सगळं, नवी साधनं, नवे उपक्रम, या ताकदीला हातभार लावत असेल तर मोलाचं, नाहीतर नुसती धावपळ.

प्रशिक्षणांविषयी शिक्षकांमध्ये जी मरगळ दिसते तिचं मूळ इथे आहे असं मला वाटतं. सभागृह, पडद्यावर भराभर सरकणारी पानं, समोर चांगलं बोलणारे तज्ज्ञ. सांगितलेलं बहुतेक वेळा खरं असतं. दुपारनंतर गटकार्य होतं, तक्ते रंगतात, अभिप्रायाचा कागद भरून दिला जातो. पुढच्या आठवड्यात आपण आपल्या वर्गात उभे असतो, घंटा झालेली असते, धडा मागे पडलेला असतो, आणि हात आपोआप जुन्या सवयीकडे वळतात. यात शिक्षकाचा आळस शोधणं अन्यायाचं आहे. डॅन लॉर्टी या समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये याचं एक कारण दाखवून दिलं. शालेय शिक्षण पुरं होईपर्यंत माणसाने विद्यार्थी म्हणून साधारण १३,००० तास शिक्षकांच्या सहवासात काढलेले असतात. शिकवणं म्हणजे काय याची आपली कल्पना त्या तासांत घडते. पण ते नाटक प्रेक्षागृहातून पाहण्यासारखं असतं. तालीम कधी दिसत नाही. बाईंनी हेच उदाहरण का निवडलं, त्या मुलाला तेव्हाच का विचारलं, धडा मध्येच का थांबवला, हा निर्णयांचा भाग विद्यार्थ्याला कळण्याचं काही कारणच नसतं. म्हणून शिक्षक झाल्यावर आपल्या हातात येतात ते नेमके दिसलेले भाग: फळ्यासमोर उभं राहणं, सांगणं, विचारणं, तपासणं.

इतक्या तासांचे संस्कार एका दिवसाच्या भाषणाने बदलत नाहीत. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या सुमारास शिक्षक प्रशिक्षणावरच्या संशोधनाचा आढावा घेतला. त्यांनी दाखवलं की नुसतं तत्त्व ऐकून, अगदी प्रात्यक्षिक पाहूनही, वर्गातली वागणूक फारशी बदलत नाही. करून पाहणं, त्यावर कुणीतरी बोलणं आणि परत आपल्याच वर्गात करत असताना सोबत मिळणं, या साखळीने बदल टिकतो. सोबतीची ही कडी सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच प्रशिक्षणाच्या आराखड्यात बसत नाही, कारण ती सभागृहात उरकता येत नाही.

मी एकटीने करता येण्याजोग्या गोष्टीपासून सुरुवात केली: थांबण्यापासून. मेरी बड रो या विज्ञान शिक्षणाच्या अभ्यासक. त्यांनी शेकडो तासांच्या ध्वनिफिती ऐकून मोजमाप केलं, १९७० च्या दशकात ते प्रसिद्ध झालं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी साधारण एकच सेकंद थांबतात. एका सेकंदात उत्तर आलं नाही तर प्रश्न पुन्हा विचारतात, दुसऱ्या मुलाकडे वळतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात. हेच थांबणं तीन सेकंद किंवा त्याहून जास्त झालं की मुलांची उत्तरं लांबतात, "माहीत नाही" कमी होतं, मुलं आपणहून बोलतात, एकमेकांच्या बोलण्याला जोडून बोलतात आणि स्वतः प्रश्न विचारू लागतात. शिक्षकांचे प्रश्नही बदलतात, कमी आणि जास्त चांगले होतात. ज्या मुलांकडून अपेक्षा कमी, त्यांच्यासाठी आपण आणखी कमी थांबतो, हेही त्यांनी नोंदवलं. ते वाचून मला फार वाईट वाटलं होतं, कारण सगळ्यात जास्त वेळ लागणाऱ्या मुलाला सगळ्यात कमी वेळ मिळतो, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

तीन सेकंद कागदावर काहीच वाटत नाहीत. फळ्यासमोर उभं राहून मोजले तर फार लांब असतात. पहिल्या सेकंदाला पुढच्या बाकावरचे ठरलेले हात वर येतात. दुसऱ्या सेकंदाला ते हात हलायला लागतात, "बाई, मी, मी!" सुरू होतं. इथेच शिक्षकाचा धीर सुटतो. मी तेव्हा हात वर करणंच बंद केलं. प्रश्न विचारायचा, सगळ्यांनी कच्च्या वहीत काहीतरी लिहायचं, मग मी कुणालाही विचारणार. पहिले काही दिवस हुशार मुलांना ते अजिबात रुचलं नाही, त्यांचं हक्काचं काहीतरी काढून घेतल्यासारखं झालं. ते खरंही होतं. पण खिडकीजवळच्या बाकावर बसणारा, महिनोन्महिने तोंडातून शब्द न काढणारा एक मुलगा एकदा म्हणाला, "माझं वेगळं आलंय, पण मला ते पण बरोबर वाटतंय." त्याचं उत्तर चुकलेलं होतं. पण त्या उत्तरावर पुढचा अर्धा तास वर्ग वाद घालत होता, आणि त्या दिवशी छेद समान का करायचे हे मी न सांगता निघालं.

रो यांच्या मांडणीतलं दुसरं थांबणं फारसं कुणी लक्षात घेत नाही, आणि माझ्या अनुभवाने तेच जास्त अवघड. मुलाने उत्तर दिल्यानंतरचं थांबणं. उत्तर आलं रे आलं की आपण "छान" किंवा "नाही, दुसरं कोण सांगेल?" म्हणतो. दोन्हींनी विचार थांबतो. बरोबर उत्तरावर "छान" आलं की बाकीची मुलं सुटली. त्यांनी आता विचार करण्याचं कारण उरलं नाही. त्याऐवजी चेहऱ्यावर काही न दाखवता थोडं थांबलं, की उत्तर देणारं मूल स्वतःच पुढे जोडतं: "म्हणजे... कारण..." त्या "कारण"पुढचं वाक्य ऐकायला मिळावं म्हणून मी आता सगळी धडपड करते. आधीच सांगते, यात धडा मागे पडतो. वेळापत्रक आणि समज यांत ओढाताण होतेच, आणि प्रत्येक वेळी समजेच्या बाजूने कौल देता येत नाही. परीक्षा ठरलेल्या असतात. मी इतकंच ठरवलं आहे की ज्या संकल्पनेवर पुढचं वर्ष उभं आहे तिथे थांबायचं, आणि जिथे नुसती रीत आहे तिथे झपाट्याने पुढे जायचं. ही निवड करता येणं हाही शिकण्याचाच भाग.

वह्या तपासण्याबद्दल थोडक्यात. रूथ बटलर यांचा इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवरचा १९८८ मधला अभ्यास आहे. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त लेखी शेरे, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरे मिळालेल्यांत. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेली मुलं फक्त गुण मिळालेल्यांसारखीच राहिली. गुण दिसले की शेरा वाचला जात नाही, असंच म्हणायचं. गुण द्यावेच लागतात, त्यातून सुटका नाही. पण रोजच्या वहीत मी आता ते देत नाही. एखादाच प्रश्न लिहिते, "दुसऱ्या पायरीत ७ कुठून आले?" असा, आणि पुढच्या तासाची पहिली काही मिनिटं त्याचं उत्तर वहीत लिहायला ठेवते. ती मिनिटं ठेवली नाहीत तर शेरा लिहिणं म्हणजे रात्री जागून वाया घालवलेली शाई. जो शेरा वाचून मुलाला काही करायचं नसतं, तो शेरा पालकांसाठी किंवा वरिष्ठांसाठी असतो.

तासाच्या सुरुवातीला उजळणी मी सांगण्याऐवजी मुलांकडून आठवून घेते. पुस्तक बंद, मागच्या आठवड्यातले दोन-तीन प्रश्न, गुण नाहीत. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवलं की उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवडाभराने पाहिलं तर वाचून झाल्यावर तो आठवून लिहिणारे पुढे असतात. मुलांना हे सांगितलं की पटत नाही, कारण पुन्हा वाचताना सगळं येतंय असं वाटतं आणि आठवताना सगळं विसरलंय असं. म्हणून त्यांच्यावरच लहानसा प्रयोग करून दाखवावा लागतो. एवढं केलं की घरी अभ्यास कसा करायचा याचा प्रश्न बऱ्याच मुलांपुरता सुटतो.

आता सोबतीविषयी. माझ्या मते सगळ्यात खोल बदल तिथून येतो.

न्यूझीलंडमध्ये ग्रॅहम नटहॉल नावाचे अभ्यासक होते. शिक्षक काय करतात याचा अभ्यास करता करता ते मुलांकडे वळले. वर्गात कॅमेरे बसवले, मुलांच्या अंगावर लहान मायक्रोफोन लावले आणि प्रत्येक मूल दिवसभरात काय ऐकतं, काय बोलतं, कुणाला काय विचारतं हे शब्दन्‌शब्द टिपलं. मग काही महिन्यांनी त्याला काय आठवतंय ते विचारलं. त्यांना आढळलं की शिक्षक जे शिकवू पाहतात त्यातलं साधारण ४० टक्के किंवा अधिक मुलांना आधीच माहीत असतं, मात्र प्रत्येकाला माहीत असलेला भाग वेगळा असतो. नवी गोष्ट पक्की व्हायला मुलाला ती निदान तीन वेळा, वेगवेगळ्या संदर्भांत, पुरेशी भेटावी लागते. आणि आपल्या कामाविषयी मुलाला जी प्रतिक्रिया मिळते तिचा मोठा भाग शेजारच्या मुलाकडून येतो, आणि त्यातलं बरंच चुकीचं असतं. शिक्षकाला दिसणारा वर्ग, मुलांचा आपापसातला वर्ग आणि प्रत्येक मुलाच्या डोक्यातला वर्ग, असे तीन वर्ग एकाच खोलीत एकाच वेळी चालू असतात. फळ्यासमोरून फक्त पहिला दिसतो.

हे वाचल्यावर मी आमच्या विज्ञानाच्या सरांना विनंती केली, माझ्या एका तासाला येऊन बसाल का? ते म्हणाले, "मी गणितातलं काय सांगणार?" मी म्हटलं, सांगायचं काहीच नाही. मागे बसायचं नाही, माझ्याकडे पाहायचं नाही. दोन मुलांच्या शेजारी स्टूल टाकून बसायचं आणि ती काय लिहितात, काय बोलतात, तेवढंच टिपायचं. मी कसं शिकवलं यावर एक शब्दही लिहायचा नाही.

त्या दिवशी प्रश्न होता: आयताची लांबी दुप्पट केली, रुंदी तीच ठेवली, तर क्षेत्रफळ किती पट होईल? सरांच्या कागदावर अशी नोंद होती. डावीकडच्या मुलाने ४ आणि ३ घेऊन १२ काढले, मग ८ आणि ३ घेऊन २४ काढले, "दुप्पट" लिहिलं. उजवीकडचा म्हणाला, "चौपट असतं, दोन-दोनदा दुप्पट." डावीकडचा काही बोलला नाही. त्याने स्वतःच्या १२ आणि २४ कडे पाहिलं. मग खोडरबर घेऊन "दुप्पट" खोडलं, "चौपट" लिहिलं. बारा आणि चोवीस तसेच राहिले. थोड्या वेळाने मी फळ्यावर आकृती काढून आयत शेजारी शेजारी ठेवले तेव्हा त्याने "चौपट" खोडून पुन्हा "दुप्पट" लिहिलं आणि स्वतःच बरोबरची खूण केली.

ती वही माझ्याकडे तपासायला आली असती तर मला दिसलं असतं: उदाहरण बरोबर, मांडणी स्वच्छ. त्या मुलाने स्वतः हिशेब करून काढलेलं खरं उत्तर शेजाऱ्याच्या ठाम आवाजापुढे सोडून दिलं, हे खोडरबराने पुसून टाकलं होतं. त्याच्यापुढचा प्रश्न क्षेत्रफळाचा नव्हताच. स्वतःच्या पुराव्यावर विश्वास ठेवायचा की आत्मविश्वासाने बोलणाऱ्यावर, हा होता. आणि उजवीकडचा मुलगा? लांबी आणि रुंदी दोन्ही दुप्पट केल्यावर क्षेत्रफळ चौपट होतं, हे त्याने आधीच्या तासाला नीट शिकलेलं होतं. ते नको तिथे लागू पडलं. म्हणजे माझ्याच आधीच्या धड्याचा परिणाम मला त्या कागदावर दिसत होता.

सर आणि मी त्या दिवशी शाळा सुटल्यावर बराच वेळ बसलो. त्यातून निघालेली गोष्ट अगदी साधी: गणिताच्या वहीत खोडायचं नाही. उत्तर बदलायचं असेल तर जुन्यावर एक रेघ मारायची, ते वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी बदलण्याचं कारण दोन-तीन शब्दांत लिहायचं. आता वह्या पूर्वीइतक्या सुबक दिसत नाहीत. पालकसभेत त्यावर बोलावं लागलं. पण एखाद्या वहीत मला "दुप्पट" कापलेलं, शेजारी "तो म्हणाला म्हणून" लिहिलेलं सापडतं, आणि दुसऱ्या दिवशी कुठून सुरुवात करायची ते कळतं.

जपानमध्ये हीच गोष्ट शंभराहून अधिक वर्षं शिस्तीने चालत आली आहे. तिला जुग्यो केन्क्यू, म्हणजे पाठाचा अभ्यास, म्हणतात. काही शिक्षक मिळून एक पाठ आखतात, त्यांतला एक तो शिकवतो, बाकीचे वर्गात फिरून मुलांचं निरीक्षण करतात, नंतर एकत्र बसून पाठावर चर्चा करतात आणि गरज पडली तर तो बदलतात. १९९० च्या दशकात जर्मनी, जपान आणि अमेरिका या देशांतल्या आठवीच्या गणिताच्या तासांचं चित्रीकरण करून तुलना झाली. त्याआधारे जेम्स स्टिग्लर आणि जेम्स हीबर्ट यांनी १९९९ मध्ये लिहिलं, आणि जपानबाहेरच्या शिक्षकांचं या पद्धतीकडे लक्ष गेलं. या आराखड्यांतला एक स्तंभ मला फार आवडतो: मुलं काय काय उत्तरं देतील. पाठ घेण्याआधी शिक्षक ही यादी करतात आणि प्रत्येक उत्तरापुढे आपण काय करू ते लिहितात. चर्चेत पाठाला "आपला पाठ" म्हणतात, कारण तो सगळ्यांनी मिळून केलेला असतो. त्यामुळे चुकलं काय हे बोलताना कुणा एका शिक्षकाची मान खाली जात नाही.

आपल्याकडच्या पाठ निरीक्षणाचा अनुभव बहुतेकांना उलटा असतो. निरीक्षण म्हणजे परीक्षा. तक्त्यात आवाज, फळ्याचं नियोजन, साधनांचा वापर, वर्गनियंत्रण असे रकाने असतात आणि ते सगळे शिक्षकाकडे पाहून भरता येतात. मुलाकडे एकदाही न पाहता पाठाला उत्कृष्ट शेरा देता येतो. त्यामुळे निरीक्षणाच्या दिवशी शिक्षक आपला सगळ्यात सुरक्षित पाठ घेतात, जिथे काही अडणार नाही असा. मग शिकण्यासारखं त्यात कुणालाच काही उरत नाही. पाहणारा माणूस माझं मूल्यमापन करणार असेल तर मी त्याला माझा अवघड तास कधीच दाखवणार नाही. कोणताही समजदार माणूस दाखवणार नाही. म्हणून या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात, असं माझं ठाम मत आहे. मूल्यमापनाचं निरीक्षण प्रशासनाने जरूर करावं. शिकण्यासाठीचं निरीक्षण सहकाऱ्यांनी करावं, आणि त्याचा कागद कुठल्याही फाइलीत जाऊ नये.

यासाठी पैसा फार लागत नाही. वेळ लागतो, आणि तो वेळापत्रकात कुणीतरी काढून द्यावा लागतो. आमच्या मुख्याध्यापिकांनी आठवड्यातून एकदा सरांचा आणि माझा मोकळा तास जुळवून दिला, एवढंच केलं. पण त्या एका बदलावाचून बाकीचं काहीही घडलं नसतं. शिक्षकाने स्वतःच्या उत्साहावर, शाळा सुटल्यावर, घरची कामं बाजूला ठेवून स्वतःला सुधारत राहावं, अशी अपेक्षा सगळीकडे असते. उत्साही माणसं ती काही वर्षं पुरी करतात आणि मग थकतात. कामाच्या वेळेत शिकायला जागा नसेल तर शिकणं टिकत नाही. हे जितकं मुलांना लागू, तितकंच आम्हाला.

नव्या शिक्षकांना काय सांगाल असं मला कधी कधी विचारतात. मी त्यांना एक वही ठेवायला सांगते, पाठ टाचणाच्या वहीहून वेगळी. तिच्यात मुलांची वाक्यं लिहायची, जशीच्या तशी. आपलं मत नाही, विश्लेषण नाही, फक्त मूल काय बोललं. "शून्याने काही होत नाही म्हणून मी तो सोडला." "उत्तर मोठं आलं म्हणजे मी भागाकार चुकलो, कारण भागाकाराने लहान होतं." त्यातलं प्रत्येक वाक्य आत्ता समजलंच पाहिजे असं नाही. पुढच्या वर्षी तोच धडा आला की वही उघडायची. दोन वर्षांत ती वही कुठल्याही हस्तपुस्तिकेपेक्षा उपयोगी होते, कारण तिच्यात आपल्या मुलांचा आवाज असतो. वर्गात तंत्रज्ञान आणावं का, गटकार्य किती घ्यावं, या प्रश्नांची उत्तरंही ती वही चाळताना हळूहळू सापडतात. प्रत्येक धड्याला वेगळी.

पुढच्या सत्रात ऋण संख्या सुरू होतील. सर, मी आणि आता भाषेच्या बाईही, आम्ही तिघांनी मुलांच्या संभाव्य उत्तरांची यादी करायला घेतली आहे. भाषेच्या बाई गणितातल्या नाहीत, आणि म्हणूनच त्यांना आमच्या प्रश्नांतले अस्पष्ट शब्द पटकन दिसतात. −७ हा −३ पेक्षा मोठा, हे येणारच. "वजा वजा अधिक" हे गुणाकाराचं सूत्र बेरजेत लावून −३ आणि −४ ची बेरीज ७ सांगणारी मुलं असणार. ती या एका उदाहरणातच ओळखू येतील. आमचं अडलंय ते ३ वजा −४ पाशी. सूत्र पाठ असलेलं मूल ७ म्हणतं आणि समजलेलं मूलही ७ म्हणतं, आणि त्या दोघांना वेगळं करणारा प्रश्न आम्हाला अजून सापडलेला नाही. सरांचं म्हणणं, उत्तर विचारूच नये. ३ मधून −४ वजा करावे लागतील असा एखादा प्रसंग मुलांना लिहायला सांगावा. भाषेच्या बाईंना शंका आहे की मग गोष्ट लिहिता येणाऱ्या मुलांनाच ते जमेल आणि आपल्याला गणिताऐवजी लेखनच मोजलेलं मिळेल. त्यावर संख्यारेषेवर चालून दाखवायला सांगू, असं मी सुचवलं आहे. गुरुवारच्या मोकळ्या तासाला आम्ही हे दोन्ही प्रकार आधी चार-पाच मुलांबरोबर करून पाहणार आहोत.